लाल रंगवलेली गल्ली

भिलाई-3च्या मागच्या अंगाला, रेल्वेलाइन ओलांडली की एक नाला लागतो आणि नाल्याच्या काठाने पंचवीसेक घरांची एक गल्ली. त्या गल्लीला मी लाल रंग दिला. भिंतींना नव्हे, नकाशावर. आमच्या अभ्यासात लाल म्हणजे बुडणारा भाग, पिवळा म्हणजे कधीमधी पाणी शिरणारा, हिरवा म्हणजे बिनघोर. ती गल्ली खरं तर पिवळी होती. हे मला कळलं तेव्हा नकाशा माझ्याच टेबलावर होता आणि रंग बदलायला दहा मिनिटंही लागली नसती. मी तो बदलला नाही. हे लिहितानासुद्धा कान गरम होतात, पण आता लिहायचं म्हणजे लिहायचं.

तेव्हा मी सिव्हिल इंजिनिअरिंगचं पुढचं शिक्षण घेत होते. विषय भारदस्त होता: रस्ते, पूल, गटारं आखताना पूर, वादळ, भूकंप यांचा धोका आधीच कसा मोजायचा. घरी आईला समजावून सांगताना मी म्हटलं, पूल बांधायच्या आधी पाण्याला विचारायचं, तू किती वर येतंस? आई कणीक मळत होती. ती म्हणाली, "मंग पाणी सांगते का?" मी चिडले. मला तेव्हा कशाचाही राग येत असे, आणि आईच्या प्रश्नांचा तर हमखास.

पाणी सांगत नाही, हे खरंच. मोठ्या नदीवर सरकारी मोजमाप असतं, नाल्याची नोंद कोण ठेवतो? म्हणून काठावर घरोघरी जायचं, पाणी कुठवर आलं होतं ते विचारायचं, भिंतीवर ओलीची रेघ किंवा आणखी काही खूण दिसली तर ती मशीन लावून मोजायची. आमचे सर म्हणायचे, लोकांचं ऐकू नका, भिंतीचं ऐका. भरपाई मिळेल असं वाटलं तर माणूस पाणी वाढवून सांगतो, आणि घर उठवतील अशी धास्ती असली तर कमी करून सांगतो. मला ते फार पटलं. त्या वयात जगातली बहुतेक माणसं खोटारडी आहेत असं मानायला मी एका पायावर तयार होते.

त्या गल्लीला एक रस्ता हवा होता. तिथली मुलं रूळ ओलांडून शाळेत जायची, बाळंतीण अडली तरी रूळ ओलांडूनच न्यावी लागायची. नाल्यावर पुलिया, म्हणजे छोटा पूल, बांधून तो रस्ता थेट हायवेला काढायचा, असा विचार सुरू होता. गल्ली कमी बुडत असेल तर रस्ता तिच्यातून जाणार, जास्त बुडत असेल तर लांबून वळणार. ते आमच्या नकाशावरून ठरायचं होतं.

इथे माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे, वैनगंगेच्या काठचे. बाबा पोलादाच्या प्लांटात लागले म्हणून भिलाईत आलो, माझा जन्म सेक्टरच्या क्वार्टरमधला. घरात आम्ही "मले-तुले" बोलायचो. शाळेत असताना पुण्याकडून आलेल्या एका बाई माझ्या "जेवून राहिली"ला सगळ्या वर्गासमोर हसल्या, आणि तेव्हापासून मी कानाला खडा लावला. उंबऱ्याबाहेर मराठीच बोलायची नाही. हिंदी मी इतकी साफ बोलायचे की कॉलेजात अर्ध्या लोकांना मी मराठी आहे हेच माहीत नव्हतं. मला त्याचा अभिमान वाटत असे.

सर्व्हेला आम्ही तिघं होतो, मी आणि वर्गातले दोघे, दोघेही हिंदी बोलणारे. पावसाळा नुकताच सरला होता. पहिल्या सात घरांत एकच उत्तर मिळालं: घुटने तक. गुडघ्याएवढं. मी वहीत प्रत्येक "घुटने तक"पुढे प्रश्नचिन्ह टाकत गेले. सगळे ठरवून खोटं बोलताहेत, असं मी त्या दोघांना रस्त्यात सांगितलंसुद्धा.

आठव्या घराच्या दारात एक म्हातारी बाई लाखोळीची डाळ निवडत बसली होती. घर साधं, विटांचं, पण दाराची चौकट जुनी सागवानी, रुंद, तेलपाण्याने काळी पडलेली. तिलाही मी हिंदीत तोच प्रश्न विचारला. तिने पायरी दाखवली. "इतना ही आता है, दूसरी सीढ़ी तक." पण माझी नजर चौकटीवर गेली होती. तिथे एकावर एक तीन खिळे ठोकलेले होते, आणि सगळ्यांत वरचा माझ्या छातीच्या उंचीवर होता.

"ये क्या है, अम्मा?"

ती उठली, डाळीचे हात पदराला पुसले आणि चौकटीवरून असा हात फिरवला, जसा कुणी लेकराच्या पाठीवरून फिरवतं. "ये पानी के खिळे हैं." मग माझ्याकडे नीट पाहून एकदम मराठीत म्हणाली, "तू आपल्यातलीच दिसतंस व. कोणत्या गावची?"

मी बरोबरच्या दोघांकडे पाहिलं. मी हिंदीतच म्हटलं, "यहीं की हूँ."

ती हसली. तिला कळलं होतं. ती मराठीतच सांगू लागली, "हे चौकट पाह्य, माह्या सासऱ्यानं..."

"क्या बोल रही हैं?" बरोबरच्या एकाने विचारलं.

"कुछ नहीं, घर-परिवार की बात." मी तिला मध्येच तोडलं. "अम्मा, बस इतना बता दो, ये कील पानी की ही है न?"

तिचं बोलणं तोंडातच राहिलं. "हो बेटा, पानी की ही है," ती म्हणाली. "छाती तक आया था."

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मला झालेला आनंद अजून आठवतो, आणि त्याचीच जास्त लाज वाटते. एक घर छातीपर्यंत बुडालं होतं हे ऐकून मी मनातल्या मनात उड्या मारत होते. टेप लावला, आकडे लिहिले, फोटो काढायला तिला खिळ्याशेजारी उभं केलं. फोटोसाठी तिने पदर डोक्यावर घेतला, केस सारखे केले. निघताना म्हणाली, "येजो व पोट्टे." मी मान हलवली, तीही हिंदी माणसाने हलवावी तशी.

सर खूश झाले. भिंत बोलली, लोक खोटे ठरले. त्या सात घरांची उत्तरं "अविश्वसनीय" म्हणून बाजूला टाकली, खिळ्याची उंची धरली आणि गल्लीवर लाल रंग चढला. त्या बाईने मोकळ्या मनाने चौकट दाखवली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त त्यात तिची काही चूक नव्हती.

तोंडी परीक्षेला आठ दिवस होते. जेवताना मी बाबांना तो फोटो दाखवला, शाबासकीसाठीच. बाबा प्लांटातल्या, रूळ बनवणाऱ्या रेल मिलमधून रिटायर झालेले. तिथल्या आवाजाने कान गेलेले, त्यामुळे स्वतः मोठ्याने बोलतात. त्यांनी फोटो लांब धरून पाहिला.

"जिवतीचे खिळे होत हे," ते म्हणाले.

जिवती म्हणजे आषाढातली अमावास्या. आमच्याकडे त्या दिवशी लोहार दारोदार फिरून चौकटीला खिळा ठोकतो, इथले छत्तीसगडी लोक त्याच दिवशी, त्यांच्या हरेलीच्या सणाला, ठोकतात. इतकं मला माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं. ते बाबांनी सांगितलं. "आपल्या नदीकाठी पूर येऊन गेला का, पुढच्या जिवतीले लोहार तिथंच खिळा ठोके, जिथवर पाणी आलं. नदीले सांगाले, का बाई, यिथवर आली, आता याच्यावर येऊ नको."

"म्हणजे माझं बरोबरच आहे."

"काय बरोबर?" बाबा हसले. "नाल्याले कोण खिळा ठोकते बाप्पा! खिळा नदीले ठोकतात. हे चौकट गावची असन. घर पडलं तरी आपल्यात चौकट कोणी टाकत नाही. तुह्या काकानं नाही आणली का टेम्पोत घालून?"

आणली होती. काकांच्या त्या चौकटीला लटकत मी लहानपणी झोके घेतले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा! ते विटांचं घर फार तर वीस वर्षांचं, तिच्या नवऱ्याच्या रिटायरमेंटनंतर बांधलेलं, हे माझ्याच वहीत होतं. खिळे लोहाराने भट्टीत घडवलेले, चौकोनी डोक्याचे, तिच्या सासऱ्याच्या काळातले. मी मशीन लावून, दोनदा तपासून, वैनगंगेचा पूर भिलाईच्या नाल्यात मोजला होता. तिने "माह्या सासऱ्यानं" म्हणून जे सुरू केलं होतं ते हेच होतं, आणि मी ते वर्गातल्या दोन मुलांच्या भीतीने तोडलं होतं.

मी काय केलं? बाबांवर ओरडले. "तुम्हाला काय कळतं यातलं!" म्हटलं. बाबांना ऐकू कमी येतं, पण हे आलं. ते "नसन कळत" म्हणाले आणि वरणभात कालवू लागले. त्या जेवणाचा एकेक घास मला आजही आठवतो.

आठ दिवस हातात होते. सरांकडे जायचं आणि सांगायचं, चूक झाली, एवढंच काम होतं. पण खिळ्यांचं प्रकरण हेच माझ्या प्रबंधाचं नाक होतं, सर ते इतरांना दाखवत फिरत होते. आणि चूक कशी झाली हे सांगायचं तर आधी सांगावं लागलं असतं की बाई मराठीत बोलत होती, मला सगळं समजत होतं आणि मी समजत नसल्याचं सोंग केलं. ते मला जमेना. मग मी आमच्या विषयातलाच एक सोयीचा शब्द काढला. चूक "सुरक्षित बाजूची" आहे. पाणी कमी धरलं असतं तर लोक बुडाले असते, जास्त धरलं तर कुणाचं काय जातं? हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं की आठव्या दिवशी ते मला खरंच वाटू लागलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांना खिळ्याचा फोटो फार आवडला.

पुढे रस्त्याची आखणी झाली. रस्ता गल्लीला टाळून लांबून वळला. गल्लीतल्या घरोघरी एक कागद आला: हा भाग डूब क्षेत्रात आहे, नवीन बांधकाम करू नये, पावसाळ्यात सावध राहावं. कुणाला उठवलं नाही, बुलडोझर आला नाही, वर्तमानपत्रात ओळ आली नाही. त्यामुळे काही घडलंच नाही असं मानणं मला सोपं गेलं.

मला रायपूरला अशाच अभ्यासांचं काम करणाऱ्या कंपनीत नोकरी लागली. रोज बसने जायचे. भिलाई-3 आलं की मी मोबाइलमध्ये तोंड घालायचे आणि कुम्हारी आलं की वर काढायचे. हायवेवरून ती गल्ली दिसतही नाही. पण चोराच्या मनात चांदणं.

तिसऱ्या वर्षी पाऊस जोरात झाला. सलग पडला, शिवनाथेला पूर आला, ऑफिसात दिवसभर पाण्याच्याच गोष्टी. मी रजा टाकली आणि रेनकोट घालून त्या गल्लीत गेले. कशाला गेले ते खरं सांगते. पाणी छातीपर्यंत आलेलं असावं अशी माझी इच्छा होती. पंचवीस घरं बुडालेली पाहायला मी निघाले होते, म्हणजे माझा नकाशा खरा ठरला असता.

खालच्या टोकाला पाणी गुडघ्याएवढं होतं. वर वर कमी होत गेलं होतं. आठव्या घरासमोर ते दुसऱ्या पायरीला लागून थांबलं होतं.

दाराला कुलूप होतं. शेजारची बाई घमेल्याने अंगणातलं पाणी उपसत होती. मी विचारलं, अम्मा कुठे आहेत? तिने मला ओळखलं नाही. "अम्मा तो दो साल हुए घर बेच के चली गईं, बेटे के पास, मोहन नगर. लेने वाला ताला डाल के रखा है. और कोई नहीं गया, बस वही गईं."

"क्यों?"

"कागज आया था न सरकारी, कि डूब जाओगे." ती घमेलं टेकवून हसली. "हम लोग तो हँसे. हमारा पानी हमको नहीं मालूम? अम्मा को भी मालूम था. पर बोलीं, नाप के ले जाने वाली लड़की हमारे में की थी, वो झूठ काहे लिखेगी."

ज्या गोष्टीची लाज वाटून मी तिचं बोलणं तोडलं होतं, तिच्याच भरवशावर ती बाई घर सोडून गेली होती. स्वतःच्या डोळ्यांनी वीस वर्षं पाहिलेल्या पाण्यापेक्षा तिने माझ्यावर जास्त विश्वास ठेवला. मी तिला नीट उत्तरसुद्धा दिलं नव्हतं. इतकी शरम मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि ती कुठे ठेवावी हेही कळत नव्हतं.

रविवारी मी दुर्गला, मोहन नगरला गेले. शेजारणीकडून पत्ता घेतला होता. दुर्गपर्यंत मनात एकच वाक्य घोळवत होते, "मावशी, माझं चुकलं." हे वाक्य मराठीतच म्हणायचं, एवढंही ठरवलं होतं.

तिसरा मजला. दार सुनेने उघडलं. आत स्वयंपाकघराच्या तोंडाशी एक खाट आणि खाटेवर ती. आधीपेक्षा बारीक झालेली. मी "मावशी" म्हटल्याबरोबर तिने डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि ओरडली, "अवं, हे तं तेच पोट्टी! नकाशावाली!" मला ओढून खाटेवर बसवलं, पाठीवरून हात फिरवत राहिली. सुनेला म्हणाली, "म्हटलं होतं ना मी, आपल्यातली आहे म्हणून?" सून चहा ठेवायला गेली. तिच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल फारसं प्रेम दिसलं नाही, आणि ते योग्यच होतं. दोन खोल्यांत पाच माणसं राहत होती.

मावशीचे गुडघे गेले होते. "खाली उतरणं होत नाही व मले," ती म्हणाली. "तिथं कसं, अंगणात बसलं का चार बाया येत. यिथं दिवसभर हे खिडकी." मग आवाज खाली आणून म्हणाली, "पोरगा म्हणते, माय, उगीच घर देल्लं मातीमोल. रोज म्हणते. मी म्हणतो, बाबू, ते पोट्टी शिकेल आहे."

आता सांगायचं, असं मी स्वतःला म्हटलं. तोंड उघडलं. तेवढ्यात तिनेच माझा हात धरून विचारलं, "यंदा तं लय पाऊस झाला. तिथं पाणी आलं का व?"

तिच्या डोळ्यांत जे होतं ते मला दिसलं. तिला फक्त इतकं ऐकायचं होतं की ती उगीच आली नाही. स्वयंपाकघरात सुनेचे हात थांबले होते, तीही ऐकत होती.

"आलं मावशी," मी म्हटलं. "लय आलं."

उंबऱ्याबाहेर इतक्या वर्षांनी माझ्या तोंडून घरची बोली निघाली, ती खोटं बोलायला.

"किती?"

मी छातीशी हात लावला.

ती भिंतीला टेकली. डोळे मिटून दोनदा मान हलवली. तिला किती हलकं वाटलं ते दिसत होतं. मी क्षणभर स्वतःला समजावलं, की मी हे तिच्यासाठी केलं. मग तिने डोळे उघडले.

"अन् मंग बाकीच्यायचं काय झालं?" ती म्हणाली. "ते शेजारीण? तिले दोन लहान लेकरं आहेत."

"सगळे बरे आहेत मावशी. शाळेत ठेवलं आहे त्यांना."

"पण सामान? कपडेलत्ते तं गेले असन सगळे." ती खाटेवरून उतरायला लागली. मी थांबवलं तर माझाच हात धरून उभी राहिली. खाटेखालची पेटी तिने स्वतः ओढली. त्यातून चार लुगडी काढली, जुनी नव्हती, घडी न मोडलेली होती. एक चादर काढली. सुनेला पोह्यांचा डबा मागितला. सुनेने तो आणून दिला, वर मुलांचे दोन स्वेटरही घातले. "मले जाता येत नाही," मावशी म्हणाली. "तू जातंस ना तिथं, तुह्या कामासाठी? देऊन देजो. म्हण का मी पाठवलं."

पाणी छातीपर्यंत आलंच नव्हतं, हे सांगायची ही शेवटची वेळ होती, आणि ती माझ्यासमोरून गेली. मी तिच्याच बोलीत "देतो" म्हटलं. तिने पिशवीला वरून गाठ मारली, जिन्यापर्यंत मला धरत धरत आली आणि म्हणाली, "त्यायनं तुहं ऐकलं असतं तं वाचले असते."

त्या पिशवीची गाठ मी अजून सोडलेली नाही. गल्लीत नेऊन देऊ शकत नाही, कारण तिथे कुणाचं काही भिजलेलं नाही. मोहन नगरला परत नेऊ शकत नाही. पोह्यांना आता वास येतो आहे, आणि ती कसली पिशवी आहे असं आई मला दोनदा विचारून गेली.